भाऊजींची जप्ती

माझे भाऊजी वजनमापे तपासनीस आहेत. म्हणजे दुकानात न सांगता शिरायचं, तराजू उलटा करून बघायचा, वजनाच्या बुडाला नख लावून बघायचं आणि दुकानदाराचा चेहरा पडला की मनातल्या मनात सुखी व्हायचं. ही नोकरी त्यांना मिळाली नसती तर हेच काम त्यांनी फुकटात केलं असतं. आमच्या चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे 'तपासनीस' म्हणतात. मी भाऊजी म्हणते, कारण अठरा वर्षांपूर्वी माझ्या ताईने त्यांच्याशी लग्न केलं आणि तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

या भाऊजींनी आपल्या घरातून मूर्तिपूजा कशी हद्दपार केली त्याची ही हकिकत. घरात मूर्ती नव्हतीच, हे आधी सांगून टाकते. आजोबांपासून सगळे विश्वासी. भिंतीवर एक घड्याळ आणि एक कॅलेंडर, तेही नुसत्या आकड्यांचं. पण गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की मूर्ती दगडाचीच असते असं काही नाही. माणसाच्या मनात देवाच्या जागी जे जाऊन बसतं ती त्याची मूर्ती, आणि ज्याने त्याने घरी जाऊन आपली आपण शोधावी. पाळकसाहेब बिचारे भिडस्त माणूस, कुणाला लागेल असं बोलायचंच नाही हा त्यांचा बाणा. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. भाऊजींनी मात्र तो उपदेश खात्याचं परिपत्रक आल्यासारखा घेतला.

आमच्याकडे उपासनेत दुसऱ्या गीताआधी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने उभं राहायचं, आठवड्यात देवाने आपल्यासाठी काय केलं ते दोन मिनिटांत सांगायचं, लोकांनी 'आमेन' म्हटलं की खाली बसायचं. पुढच्या रविवारी भाऊजी उभे राहिले. म्हणाले, माझी मूर्ती टीव्हीवरचे सामने. वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते, तेव्हा मी सामना संपायची वाट बघत घरी बसलो. पोचलो तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती. आजपासून सामना बघणार नाही. त्यांची आई, म्हणजे ताईची सासू, पदर तोंडाला लावून रडली. ती साक्ष खरी होती, हे मला मान्य करावंच लागतं. माझेही डोळे भरले होते, पण ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

घोटाळा त्याच दिवशी झाला. उपासना संपल्यावर सहा-सात पुरुषांनी त्यांचा हात हातात घेतला. एका वडीलधाऱ्या बाईने डोक्यावरून हात फिरवला. भाऊजींच्या उभ्या जन्मात कुणी आपण होऊन त्यांच्याशी हात मिळवला नव्हता; ते दुकानात आले की लोक हात मागे घेत. त्यांना त्याची चटक लागली. पुढच्या रविवारी त्यांनी चहा सोडला. त्याच्या पुढच्या रविवारी मिशा काढून आले. त्या मिशीला पीळ देत देत त्यांनी निम्म्या बाजारपेठेला घाम फोडला होता, आणि आता त्यांचा चेहरा सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा दिसत होता. 'माझा अहंकार मी बेसिनमध्ये वाहून टाकला,' असं ते म्हणाले. लोकांनी आमेन म्हटलं. ताई खाली मान घालून बसली होती, कारण बेसिन तिनेच धुतलं होतं.

चौथ्या आठवड्यात माल संपला. या माणसाला मिशीपलीकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच. ना मित्र, ना छंद, ना एखादं झाड. पण रविवार काही थांबत नाही, आणि उभं तर राहायचं होतं. मग भाऊजींनी घरातल्या इतरांच्या मूर्ती शोधायला सुरुवात केली.

त्यासाठी त्यांनी खात्याची पद्धत वापरली. खोटा तराजू सापडला की ते त्याच्या दोन भोकांतून तार ओवतात, तारेची टोकं शिशाच्या गोळीत घालतात आणि ती गोळी चिमट्याने चेपतात. गोळीवर शिक्का उठतो. मग ती वस्तू कुणी वापरायची नाही. तार कापल्याशिवाय सुटत नाही, आणि कापली तर गुन्हा. ही तार, ह्या गोळ्या आणि तो चिमटा ते आता बॅगेतून घरी आणू लागले. ताईच्या सासूबाई दुपारी रेडिओवर श्रुतिका ऐकायच्या. भाऊजींनी रेडिओच्या बटणाला तार घालून गोळी चेपली. म्हातारी आठवडाभर त्या मुक्या रेडिओशेजारी बसून होती. माझ्या भाचीला पोहण्यात पदक मिळालं होतं. ते तिने पलंगाच्या दांडीला अडकवलं होतं, झोपताना हाताला लागावं म्हणून. ते पेटीत गेलं आणि पेटी सीलबंद झाली. ताईचा आरसा गेला. शेजाऱ्यांनी दिलेली चिनी मातीची मांजर गेली. तिने कुणाचं काय वाकडं केलं होतं देव जाणे.

दर रविवारी साक्ष. 'या आठवड्यात प्रभूने माझ्या आईला रेडिओपासून सोडवलं.' 'या आठवड्यात प्रभूने माझ्या मुलीला गर्वापासून सोडवलं.' भाची बारा वर्षांची. तिचे कान लाल व्हायचे. आमेन म्हणणारे हळूहळू कमी झाले, पण भाऊजींना ते कमी झालेलं ऐकू येत नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांना लांबून अक्षरं वाचायला लावते. सोमवारी सकाळी दुकान उघडलं की माझ्यासोबतच्या बायका विचारायच्या, काल तुझ्या भाऊजींनी काय जप्त केलं? मी तिखटमीठ लावून सांगायची. आम्ही काउंटरला धरून हसायचो.

ताई हसायची नाही आणि बोलायचीही नाही. शनिवारी दुपारी ती भाऊजींचा रविवारचा पांढरा शर्ट धुवायची आणि कडक इस्त्री करायची, साक्ष देताना चुरगळलेलं दिसू नये म्हणून. ते घरात शिरले की टेबलावर पाणी, ते जेवायला बसले की पंखा त्यांच्याकडे वळलेला, ते बोलायला लागले की सगळ्यांची तोंडं बंद. मला तिचा राग यायचा. त्यांच्यापेक्षा जास्त यायचा.

आता प्रेसबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर येऊन ठेपलं. आमची आई बाइंडर होती. बाबा लवकर गेले आणि आईने बाइंडिंग करून आम्हा दोघींना वाढवलं. तिचा लोखंडी प्रेस ताईकडे आला, कारण काम ताई शिकली, मी सटकले. खाली जाड पाट, वर जाड पाट, मधे उभा स्क्रू आणि डोक्यावर चाक. ओल्या खळीची पुस्तकं दोन पाटांमधे रचायची आणि चाक फिरवत न्यायचं, की वरचा पाट खाली येऊन पुस्तकं दाबून धरतो. दिवसभर तशीच ठेवायची, नाहीतर पुठ्ठे वाळताना वाकतात. ताई शाळांची रजिस्टरं बांधायची, वकिलांच्या फायली बांधायची. या खेपेला तिने मंडळीची गीतांची पुस्तकं घेतली होती, सगळी ऐंशी, वीस-वीसच्या खेपांनी, मंडळीला देणगी म्हणून. पानं सुटून लोकांच्या मांडीवर पडत होती. साठ झाली होती. शेवटच्या खेपेत सगळ्यांत जाडी पुस्तकं ठेवली होती: म्हाताऱ्यांची मोठ्या अक्षरांची, पेटी वाजवणाऱ्याचं आणि पाळकसाहेबांचं स्वतःचं.

त्या शनिवारी सकाळपासून मी तिच्याकडे होते. मी कडा जुळवत होते, ती खळ लावत होती. दुपारी तिने वीस पुस्तकं प्रेसमधे रचली, स्क्रूला दोन थेंब तेल सोडलं, फडक्याने चाक पुसलं आणि त्याच्यावर तळवा ठेवून क्षणभर थांबली. आईपण असंच करायची. लोखंडाला ओल लागली असली तर हाताला कळतं, असं तिचं म्हणणं. मग ताईने दोन्ही हातांनी चाक धरलं, मान खाली घातली आणि जोर लावला. नेमके तेव्हा भाऊजी दारात उभे होते.

त्यांनी तिचं काम संपेपर्यंत वाट बघितली नाही, लगेच विचारलं की हात कशाला ठेवलास. ताई खोटं बोलत नाही, हे तिचं दुर्दैव. म्हणाली, ओल बघते, आणि आईची आठवण येते. भाऊजींचा सोललेला चेहरा उजळला. आठवडाभर ते घरभर फिरत होते आणि हाती काही लागलं नव्हतं. आता त्यांना तेल वाहिलेलं, पुसलेलं, मान वाकवून हात लावलेलं असं काहीतरी साक्षात बैठकीच्या खोलीत सापडलं होतं, आणि तेही मेलेल्या माणसाच्या आठवणीने. त्यांनी बॅग उघडली.

मी म्हटलं, भाऊजी, आत मंडळीची पुस्तकं आहेत. त्यांनी ऐकलं नाही. ते चाकाच्या आऱ्यांतून तार ओवण्यात गुंग होते. त्यांची जीभ दातांमधे किंचित बाहेर आली होती, लहान मुलं चित्र रंगवताना येते तशी. गोळी चेपली. चिमटा पुसून खिशात ठेवला. मग ताईकडे बघून म्हणाले, "याच्यापुढे तू रोज वाकतेस. उद्या मी उभा राहून सांगेन, की तुझी सुटका झाली."

ते आंघोळीला गेले. टेबलावर ताईची पुठ्ठे कापायची कात्री होती. त्या तारेचा तिने एका कापात निकाल लावला असता. ताईने कात्री उचलली. तारेपर्यंत नेली. आतून पाणी बंद झाल्याचा आवाज आला, तशी तिने कात्री होती तिथे ठेवली, पात्याची दिशासुद्धा तीच. मी म्हटलं, दे इकडे, मी कापते. ती म्हणाली, नको. मग तिने इस्त्री गरम करायला लावली आणि भाऊजींचा शर्ट अंथरला. मी चप्पल घालून निघून आले. इतकं नेभळट माणूस माझ्या आईच्या पोटी कसं आलं, हाच विचार मी रस्ताभर करत होते.

रविवारी पहिलं गीत सगळ्यांना पाठ असलेलं होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मग साक्षीची वेळ. भाऊजी उभे राहिले, कडक इस्त्रीच्या शर्टात. पाच मिनिटं बोलले. माझ्या घरात एक लोखंडी मूर्ती होती, माझी पत्नी तिला तेल घालत होती, तिच्यापुढे मान वाकवत होती, वगैरे. शेवटी म्हणाले, काल मी ती बंद केली. कुठूनतरी एक आमेन आलं, सवयीने.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला, दुसऱ्या गीताचा क्रमांक सांगितला आणि समोरच्या फळीवर हात फिरवला. पुस्तक नव्हतं. पेटीवाला खालीवर बघायला लागला. पुढच्या बाकांवरच्या चार म्हाताऱ्या चष्मे सरसावून रिकाम्या हातांकडे बघत बसल्या. पाळकसाहेबांनी हळूच ताईला विचारलं, बाई, आमची पुस्तकं झाली का.

ताई उभी राहिली. अठरा वर्षांत ती उपासनेत एकदाही बोलली नव्हती. म्हणाली, पुस्तकं प्रेसमधे आहेत, आणि प्रेसला सील आहे. मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं, मग आणखी दोघं. मी तर तोंडात रुमाल कोंबला होता. भाऊजींच्या मानेवर लाली चढत होती आणि ती मी अगदी डोळे भरून बघत होते. मला वाटलं, आता ताई खाली बसेल. ती बसली नाही.

"साक्षीची वेळ संपली नसेल तर मला सांगायचंय," ती म्हणाली. "काल कात्री माझ्या हातात होती. तार कापली असती तर पुस्तकं मिळाली असती. देवाच्या घरचं काम होतं, त्यात पाप नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी कात्री खाली ठेवली. यांची भीती वाटली म्हणून." भाऊजींकडे तिने बघितलं नाही. "रात्रभर मी विचार केला. सकाळी उठल्यापासून मी यांच्यासाठीच सगळं करते. हे खूश आहेत का, हे रागावतील का, एवढंच बघते. प्रार्थनेला बसते तेव्हाही कान यांच्या पावलांकडे असतो. आईच्या प्रेसची मी पूजा कधीच केली नाही. यांची केली. त्यात यांचा दोष किती ते देव बघेल, माझा मी कबूल करते. आज घरी गेल्यावर मी तार कापणार आहे."

ती खाली बसली. आमेन कुणी म्हटलं नाही. पाळकसाहेब म्हणाले की आपण दुसरं एखादं पाठ असलेलं गीत गाऊ या. सगळ्यांत आधी सासूबाईंनी सुरू केलं, त्यांच्या चिरक्या आवाजात, चुकीच्या पट्टीत.

मी त्यांच्यामागोमाग घरी गेले. अशी मजा मी कशासाठी सोडणार होते? ताईने पर्स ठेवली, कात्री घेतली आणि सरळ प्रेसकडे गेली. भाऊजी म्हणाले, "सील तोडणं गुन्हा आहे." आवाज दुकानदारांना दरडावायचा होता, पण त्यातली हवा गेली होती.

ताई म्हणाली, "मग लिहून घ्या. नाव तुम्हाला माहीत आहे."

तार कापली गेली. तिने चाक उलटं फिरवलं, वीस पुस्तकं बाहेर काढली आणि एकेकाचा पुठ्ठा टेबलावर टेकवून बघितला. सगळे सरळ होते. शिशाची गोळी तिने भाऊजींच्या हातात दिली आणि ऑफिसची आहे, ऑफिसला परत करा असं सांगितलं. भाऊजी सीलबंद पेटीवर बसले, हातात गोळी घेऊन, आणि ती या तळव्यातून त्या तळव्यात करत राहिले. एवढ्यात आतून सासूबाई आल्या, रेडिओ पोटाशी धरून, आणि तो ताईपुढे ठेवला. ताईने त्याचीही तार कापली. मग भाची आली आणि म्हणाली, बाबा, उठा. ते उठले.

मी हसले. मला आवरलंच नाही. खदाखदा हसले, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हटलं, ताई, थांब, हे उद्या दुकानात सांगते तेव्हा बघ.

ताई माझ्याकडे वळली. भाऊजींशी बोलली होती त्यापेक्षाही शांतपणे बोलली. "तू दर शनिवारी कुणासाठी येतेस गं? कडा वाकड्या जुळवतेस, कारण नजर दाराकडे असते, हे कधी येतात म्हणून. सोमवारी दुकानात यांच्याबद्दल, मंगळवारी फोनवर यांच्याबद्दल. अठरा वर्षं मी यांचं नाव जेवढं घेतलं नसेल तेवढं तू या वर्षात घेतलंस. उपासनेलाही यांच्यावर हसायलाच येतेस. हसायचं असेल तर घरी जा. काम करायचं असेल तर खळ ढवळ, खाली लागतेय."

मी खळ ढवळली. मला फार राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो राग तिचा नव्हता. ती म्हणाली त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता, आणि तो मला त्या माणसासमोर ऐकावा लागला होता.

भाऊजी काही सुधारले नाहीत, कुणाला तशी आशा लागली असेल तर. सोमवारी सकाळी ते कामावर गेले आणि एका भाजीवाल्याचा तराजू जप्त करून आले. घरी मात्र बॅग दाराशीच ठेवतात. पांढरा शर्ट स्वतः धुतात. कॉलर नीट निघत नाही.

पुढच्या रविवारी ऐंशीच्या ऐंशी पुस्तकं बाकांवर होती. साक्षीची वेळ झाली आणि सगळ्या माना आपोआप भाऊजींकडे वळल्या. ते बसून राहिले, चुरगळलेल्या शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून. मी वाट बघत होते. मिशा पुन्हा फुटू लागल्या होत्या, ते उद्या कसं सांगायचं याची वाक्यं माझ्या मनात तयार होत होती. आता उठतील, आता उठतील. कुणीतरी मला कोपराने ढोसलं. ताई होती. सगळे उभे राहिले होते, गीताचं दुसरं कडवं संपत आलं होतं, आणि तिने बांधलेलं पुस्तक माझ्या मांडीवर मिटलेलंच पडलं होतं.